पेशी वाढत नाही

गंगाखेडजवळच्या खेड्यात बी.एस्सी. होऊन सून म्हणून आले तेव्हा मी फार शहाणी होते. कॉलेजात एक बेडूक फाडला होता. त्या जोरावर गावातल्या सगळ्यांची पोटं मला आरपार दिसायची. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एसटी येणार की नाही, हे फाट्यावर जाऊन उभं राहिल्यावरच कळायचं.

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हार्ट अटॅक आला. परभणीच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बाजेवरून उठू देऊ नका. चालले तर हाती लागायचे नाहीत." एवढं पुरेसं होतं. पण मी बाजेपाशी बसून शिकवणी सुरू केली.

"मामा, कातडी कापली तर भरून येते. काळजाचं तसं नसतं. तिथली पेशी वाढत नाही. गेली ती गेलीच."

मामा गंभीर झाले. "वाढतच न्हाई?"

"काही केलं तरी नाही."

"लय अवघड हाय मग," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मला वाटलं, काय झकास समजावलं मी!

सकाळी बाज रिकामी. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हंबरडा फोडला. मी अनवाणी फाट्याकडं पळाले. मामा लिंबाखाली बसलेले, घामानं निथळत, एक हात छातीवर, काखेत कोर्टाच्या कागदांची पिशवी. शेताच्या बांधावरून चुलतभावाशी त्यांची केस चालू होती.

"मामा, कुठं निघालात?"

"गंगाखेडला. आज पेशी हाय. तूच म्हनलीस न्हवं, पेशी वाढत न्हाई, गेली ती गेलीच?"

निजामाच्या काळापासून आमच्याकडं पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. शेंबडं पोरही सांगेल. मला मात्र बेडकापलीकडं काही आठवलं नव्हतं.

"अवं मामा, काळजातलं मांस मेलं की परत येत न्हाई, एवढंच म्हणत होते मी. उरलंय ते जपा."

"मग असं बोल की! मास्तरीण झालीस तर पोरं कशी पास व्हायची?"

त्या दिवशी बंद होता. एसटी आलीच नाही, म्हणून मामा सापडले. बैलगाडीत निजवून घरी आणले. संध्याकाळी निरोप आला, कोर्ट बसलंच नाही, पुढची तारीख पडली. बाजेवरून मामा ओरडले, "सूनबाई, वाढली बघ पेशी! पुस्तक बदल तुझं!"

मामा पुढं बरीच वर्षं जगले, पण विहिरीपर्यंत गेले तरी दम लागायचा. काळजाचा मेलेला तुकडा मेलेलाच राहिला.

परवा नात आली होती. ती प्रयोगशाळेत काम करते. म्हणाली, "आजी, काळजाच्या उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला लावायचं बघतायत. उंदरांत थोडं जमलंय. माणसांचं अजून नक्की नाही. भलत्याच वाढल्या तर ठोका बिघडतो."

"म्हणजे पुस्तक बदलायचं?"

"हो, बहुतेक."

"हात्तिच्या," मी म्हणाले, "तुझ्या पणजोबांनी तर हे बाजेवर पडूनच सांगितलं होतं."