पुजलेली गिटार

आमच्या कंपनीच्या एचआर साहेबांना इंटरनेटवर काही सापडलं, की आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप होतो. एकदा त्यांना हास्ययोग सापडला, तेव्हा महिनाभर आम्ही शिफ्ट सुरू होण्याआधी रांगेत उभं राहून खोटं हसत होतो. मग त्यांना आमचे जपानी सर सापडले.

सर महाळुंग्यातल्या आमच्या प्रेस शॉपचे, म्हणजे यंत्राखाली पत्रा ठोकून भाग काढायच्या खात्याचे, सल्लागार आणि मी त्यांची दुभाषी. रोज निगडीहून कंपनीच्या बसनं जायचं, त्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि साच्याकडे बोट दाखवत 'हा डाय परत घासा' हे वाक्य दिवसभर मराठीत सांगायचं, हे माझं काम. सर साठीला आलेले, डबा एकटे खाणारे, शिंक आली तरी माफी मागणारे. असा माणूस तरुणपणी मेटल बँडमध्ये गिटार वाजवायचा, याचा पुरावा साहेबांनी मोबाईलवर दाखवला, तेव्हा फोटोतले ते कमरेपर्यंतचे केस पाहून मला हसू आवरेना.

"मॅडम, घरात सेलिब्रिटी आहे आणि आपण त्याच्याकडून डाय घासून घेतोय!" साहेब म्हणाले. "खंडेनवमीला पूजा झाली की अर्धा तास सरांचा प्रोग्रॅम. इंट्रो तुम्ही लिहा."

तो इंट्रो लिहायचा म्हणून जेवणाच्या सुट्टीत सरांशेजारी बसून मी त्या बँडची सगळी कहाणी काढून घेतली. खरं सांगते, इतकी फुकट गेलेली मेहनत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

एका कारखान्यांच्या गावातली चार मुलं, कुणाच्या तरी काकाच्या बंद पडलेल्या शेडमध्ये जमायची. पहिली रेकॉर्ड भयंकर वेगात. गायक गात नव्हता, ओकत होता. ती थोडीफार खपली, म्हणून घाबरून ड्रमरनं फर्मान काढलं, की वेगात कोणीही वाजवतं, आता हळू. दुसरी रेकॉर्ड इतकी हळू, की ऐकणाऱ्याला प्लेअर बिघडल्यासारखं वाटावं. तिसरीत त्यांनी खरोखरीचं प्रेस मशीन आणून रेकॉर्डची एक अख्खी बाजू त्याच्या ठोक्यानं भरली. आमच्याकडे तो ठोका ऐकायचा पगार मिळतो आणि तोही कानात बोळे घालून ऐकतात. मग गायक विमा विकायला निघून गेला. मग कुणीतरी युरोपात बोलावलं, तर तिथे ऐकणाऱ्यांपेक्षा सामान उचलणारेच जास्त. परत आल्यावर बास वाजवणारा सासऱ्याच्या नूडलच्या दुकानात बसला. उरले दोघे, सर आणि ड्रमर. सरांचे वडील मरेपर्यंत एकच म्हणत राहिले, की गिटारीच्या त्या लाकडाचा कुणाला काही उपयोग नाही. सरांनी शेवटी प्रेसच्या कारखान्यात नोकरी धरली आणि बँड रविवारपुरता उरला.

मी घरी जाऊन ती तिसरी रेकॉर्ड मोबाईलवर शोधून लावली. नवऱ्यानं आतून विचारलं, "मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही का?" मी म्हटलं, नाही, हे संगीत आहे.

"मग बँड कधी मोडला?" मी सरांना दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मोडला नाही," सर म्हणाले. "थांबलाय."

मला अशा माणसांचा वैताग येतो. वर्षानुवर्षं शटर बंद आणि वर पाटी 'जेवणाची सुट्टी'. मी डबा जरा जोरात मिटला.

त्यांची शेवटची एक रचना होती, तासभराची, जवळजवळ एकाच सुराची. शेवटी गिटार स्पीकरला टेकवून ठेवायची आणि ती जी गुणगुणत राहील ती आपोआप विझेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ही रचना माणसांसमोर एकदाही वाजली नव्हती. कुठलाच हॉलवाला तयार झाला नाही आणि तोवर ड्रमरचा एक कान गेला. आता दुसराही चालला होता. कान पुरता जाण्याआधी, समोर माणसं बसलेली असताना ती एकदा ऐकायची, एवढं त्याचं म्हणणं होतं. म्हणून सरांनी साहेबांना होकार दिला होता. सर निवृत्त होत होते, दसऱ्याच्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं. खंडेनवमीला ते इथे वाजवणार आणि ड्रमर तिकडे फोनवर ऐकणार.

"फक्त विझेपर्यंत टाळ्या नकोत," सर मला म्हणाले. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "ते ठीक आहे, पण तासाचं अर्ध्या तासात बसवा." सरांनी तेही मान्य केलं.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एकही यंत्र चालत नाही. सगळी धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी असतात. आमच्याकडे पूजेला युनियनचे अध्यक्ष बसतात. बोटात ठसठशीत अंगठी, अंगात परीटघडीचा कुर्ता, आणि साहेबांचं नाक कापायची संधी कधी मिळते याकडे वर्षभर लक्ष. भक्ती वगैरे मला त्यांच्यात कधी दिसली नाही.

सरांनी गिटार सकाळीच आणून टूल रूममध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ती भिंतीपाशी नव्हती. ती टेबलावर होती, पाने, ग्राइंडर आणि व्हर्नियरच्या रांगेत, पिशवीतून काढून आडवी ठेवलेली. मानेला झेंडूची माळ, अंगावर हळदकुंकू, आणि कुणीतरी निगुतीनं प्रत्येक तारेलाही कुंकवाचं बोट लावलेलं. सरांचं हत्यार राहून जायला नको, म्हणून ऑपरेटर लोकांनी पूजेत घेतलं होतं.

माईक घेऊन साहेब आले आणि किंचाळलेच. "पुसा ते! आत्ता प्रोग्रॅम आहे!"

"पुजल्यालं हत्यार आज उचलत न्हाईत, साहेब," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

"अहो, ती गिटार आहे! पाना आहे का तो?"

"आमाला काय ठावं? सर त्याच्यावर काम करत व्हते, आसं तुमीच सांगितलं. आज मी लेथ चालू करू का? मग?"

ऑपरेटर गोळा झाले. साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, सरांना सांगा, हे सगळं किरकोळ आहे. त्यांना म्हणावं, पुसा आणि सुरू करा."

मला संताप आला. ज्यांना त्या गिटारीशी काही देणंघेणं नाही असे दोघे तिच्यावरून भांडत होते आणि मध्ये सर हातात फोन धरून उभे होते. फोनच्या पडद्यावर एक टकला म्हातारा, म्हणजे तो ड्रमर, कानाला हेडफोन लावून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताठ बसला होता.

मी साहेबांचं वाक्य गिळलं आणि सरांना जे होतं ते सांगितलं. वर्षभर ज्यानं काम केलं त्या हत्याराला आज धुऊन, पुजून विश्रांती देतात. या लोकांनी तुमची गिटार त्यात धरली आहे. आज तिला उचलून कामाला लावायचं नसतं. तुम्ही म्हणालात तर पुसून देतील.

फोनमधून म्हातारा ओरडला, "काय म्हणतेय ती?" बहिऱ्या माणसाला आपण केवढ्यानं बोलतो ते कळत नाही. सरांनी फोन तोंडाशी नेऊन सगळं मोठ्यानं परत सांगितलं.

म्हाताऱ्यानं हेडफोन काढून ठेवले. "काम केलं म्हणतात?"

"हो."

"आपल्या गिटारनं?"

"हो."

मी उगाचच टेबलावरून ओघळलेली झेंडूची पाकळी उचलली.

"पुन्हा उचलतात कधी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"उद्या दसरा, उद्याही नाही," मी म्हणाले. "परवापासून काम सुरू."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. परवा ते जपानात, आपल्या घरी असणार होते.

"मग परवा," म्हातारा म्हणाला आणि फोन बंद झाला.

सर टेबलासमोर कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. अर्धा तास साहेबांनी स्वतः कराओकेवर दोन गाणी म्हणून भरून काढला. अध्यक्षांनी पुढच्या रांगेत बसून मुद्दाम टाळ्या वाजवल्या. जाताना त्यांनीच गिटार हळदकुंकवासकट सरांच्या पिशवीत ठेवली; घरी न्यायला हरकत नाही, वाजवायची नाही, म्हणाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एक लांबलचक ऑडिओ आणि एक फोटो आला. गिटारवरचं हळदकुंकू तसंच होतं. शेजारच्या ड्रमवर मधोमध एक लाल टिळा. ड्रमरच्या बायकोची लिपस्टिक वापरली, असं सरांनी खाली लिहिलं होतं. ऐकायला ती आणि शेजारचे एक आजोबा बसले होते. म्हणजे युरोपपेक्षा गर्दी बरी होती.

मी कणीक मळायची ठेवून ऑडिओ लावला. अजूनही भिकारच वाजवत होते. शेवटची ती गुणगुण बारीक होत होत गेली, आणि ती पुरती विझेपर्यंत मी जागची हलले नाही. नवरा काही विचारायला आला, त्याला मी हातानंच गप्प केलं.

मग डोळे पुसून उत्तर लिहिलं. आधी हळद लावतात, मग कुंकू. नुसतं कुंकू लावून पूजा होत नाही. पुढच्या वर्षी नीट करा.