बाभळीच्या सालीचा अर्क

अंजना बीडच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि लिंबागणेशहून रोज एसटीनं ये-जा करायची. बाभळीच्या सालीचा अर्क हिरड्या सडवणारे जंतू मारतो का, हा तिचा पीएचडीचा विषय. साल आणून द्यायची तिची माय, कडूबाई. तंबाखूच्या मिसरीपायी कडूबाईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दोन दात हलत होते. लेकीच्या धाकानं तिनं मिसरी सोडून दात घासायला बाभळीची काडी धरली होती.

पण जंतू मारायचे तर आधी ते जगवावे लागतात, आणि या जंतूंना हवा लागली की संपले. त्यांना वाढवायला हवाबंद डबा लागतो. कॉलेजातल्या डब्याच्या झाकणाचं रबर झिजलेलं. पाच वेळा जंतू पेरलेल्या प्लेटा कोऱ्या निघाल्या. रबरासाठी तिनं तीन अर्ज केले. "बघू मॅडम," यापलीकडे कुणी गेलं नाही.

"कावून गं, मेले न्हाईत व्हय अजून?" माय विचारायची.

"आधी जगू तर दे त्यांना!" अंजना खेकसायची.

शेवटी तिनं सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून झाकणाला बसवला. सहाव्या खेपेला, पाचव्या दिवशी डबा उघडला तर प्लेटभर काळपट जंतू दाटलेले, आणि अर्काच्या थेंबाभोवती स्वच्छ रिकामा गोल.

"जमलं की मॅडम!" प्रयोगशाळेतले राधाकिशनमामा ओरडले.

अंजनानं दुसरी प्लेट काढली. साल स्पिरिटमध्ये भिजवली होती, म्हणून पडताळ्याला इथं नुसतं स्पिरिट टाकलेलं. तिथंही गोल! तिनं पट्टी लावली. दोन्ही गोल सारखेच.

"म्हणजे मारलं स्पिरिटनं, नाव सालीचं," म्हणत ती खुर्चीत बसली.

मामा हळूच म्हणाले, "दुसरी प्लेट दावायचीच कावून? लई कष्ट केलेत तुमी."

क्षणभर तिलाही तसंच वाटलं. मग स्वतःचाच राग येऊन तिनं दोन्ही मापं वहीत लिहिली.

घरी माय म्हणाली, "माझं तर रक्त थांबलंय. लिही तसं."

"तू मिसरी सोडलीस, त्यानं थांबलं असंल. काडीनंच थांबलं, कशावरून?"

"मंग काडी कशाला देतीस?" माय फणकारली.

दुसऱ्या दिवशी उरलेला अर्क पसरट भांड्यात ओतून अंजनानं स्पिरिट उडून जायला ठेवलं, म्हणजे मागं नुसता सालीचा अंश उरेल, आणि डब्याचा पट्टा पुन्हा आवळायला घेतला. तो एका कडेनं एवढ्यातच चिरला होता.