राखीव रांग

फिलाडेल्फियाच्या चायनाटाउनमधल्या मंडळात अमेरिकन पाहुण्यांना चिनी सिनेमे दाखवत, तेव्हा खुर्च्या मांडायचं काम च्वांग युएचिनकडे असे. बाई एरवी वाघीण. डंपलिंगच्या कारखान्यात मुकादमालाही दरडावून आलेली. भ्यायची ती फक्त रिकाम्या खुर्चीला.

सातवा चांद्र महिना लागला की मेलेली माणसं मोकळी सुटतात आणि सिनेमालाही येतात. तिच्या गावाकडे पडदा लागला की पहिली रांग त्यांना सोडायची. तिथं जिवंत माणूस बसलं तर ज्याची जागा गेली तो मेलेला चिडतो, आणि चिडला की पोटुशी बाई शोधतो.

गेल्या वर्षी त्या रांगेत कुणीतरी बसलं, आणि त्याच महिन्यात तिच्या सुनेचं, रुइफेनचं, मूल पोटातच गेलं. डॉक्टरांनी वेगळीच कारणं सांगितली. युएचिननं मान डोलावली आणि एक अक्षर मनावर घेतलं नाही.

यंदा रुइफेनला आठवा महिना होता. सिनेमाआधी पाहुण्यांना इंग्रजीत माहिती सांगायचं काम तिचंच, त्यामुळे घरी बसायला ती तयार नव्हती.

"आई, भुतं काय तिकीट काढून येतात?" ती हसायची.

मंडळाची चिटणीस पेइलिन म्हणाली, "मावशी, रांग रिकामी ठेवते. पण पाहुण्यांपुढे भुताखेतांचं नाव काढू नका हं, पुन्हा फिरकायचे नाहीत." आणि तिनं पहिल्या रांगेवर 'राखीव' अशा चिठ्ठ्या डकवल्या.

आता राखीव खुर्ची दिसली की मानाच्या पाहुण्याला ती आपलीच वाटणार. शहाणी पोर, पण एवढं काही तिच्या डोक्यात आलं नाही.

दिवे मंद झाले आणि युएचिनला रांगेच्या मधोमध पांढरे केस दिसले. दर सिनेमाला येणाऱ्या डोरिसबाई. नेमकी त्यांच्या मागे रुइफेन बसली होती, आणि तिचा हात पोटावर होता. पेइलिनची ताकीद आठवली, तरी ती गेलीच.

"उठा," ती मोडक्या इंग्रजीत कुजबुजली. "ही जागा मेलेल्यांची."

डोरिसबाई दचकून उठल्या. खुर्चीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीला बसता येईल का इथं? एप्रिलमध्ये गेली. सिनेमाचं वेड तिलाच होतं."

युएचिनच्या अंगावर काटा आला. अनोळखी, परक्या भाषेचं, नुकतंच गेलेलं माणूस, आणि तेही सुनेच्या पुढ्यात! नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण म्हाताऱ्या डोरिसबाई शाळेतल्या मुलीसारख्या परवानगीची वाट बघत उभ्या होत्या, आणि गेल्या वर्षी मूल गेल्यावर रुइफेन इस्पितळाच्या दारात अशीच उभी होती.

"नाव काय तिचं?"

"लिंडा."

पडद्याशेजारी मेलेल्यांसाठी मांडलेल्या नैवेद्यातलं एक संत्रं युएचिननं उचललं. तिनं ते मधल्या खुर्चीवर ठेवलं, वाकली, आणि आपल्या बोलीत म्हणाली, "लिंडा, पोरी, बस हो इथं. सिनेमा बघ पोटभर. फक्त मागे वळून बघू नकोस."