मास्तरांचं बटण

पक्षाघातानं मास्तरांचा उजवा हात नेला, उजवा पाय नेला आणि जाताजाता सगळी भाषाही नेली. मागे एकच शब्द ठेवला, 'नको'. चहा नको, औषध नको, उशी सरळ केली तरी नको. घास गिळता गिळतासुद्धा नको. डॉक्टर म्हणाले, "त्याला दर वेळी अर्थ असेलच असं नाही. जिभेला तेवढाच सापडतो म्हणून तोच येतो." वहिनींनी त्याची मनाशी खूणगाठ बांधली. नाहीतर जगणार कसं त्या माणसाबरोबर?

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. शिलाईच्या दुकानात कापणं, शिवणं मास्तरांचं. काजं, बटणं, हातशिलाई आणि सुटे धागे काढणं वहिनींचं. गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच म्हणायला लागली. सुटा धागा दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावरचा धागा त्यांच्या चिमटीत आलेला असायचा. दुकानात त्यांना एकच गोष्ट वर्ज्य होती, मास्तरांची मोठी कात्री. पाठ फिरलेली असली तरी मास्तरांना कळायचं. "नको! कात्री नको!" त्या कात्रीनं कधी कागद कापला नाही, की तिला कधी ओला हात लागला नाही.

मास्तरांचा दुसरा जीव घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत. दगड, मासे, प्रवाळ, निळे दिवे. वहिनी तिला सवत म्हणायच्या. "सवतीला उन्हाळ्यात पंखा, आणि मी इथे घामाघूम!" मास्तर हसून म्हणायचे, "ती उलट बोलत नाही." एका दगडावर त्यांनी बटणाएवढा प्रवाळाचा तुकडा चिकटवला होता. जाड देठाची मऊ छत्री, वर असंख्य बारीक बोटं. वाढून बशीएवढं झालं, तरी त्याचं नाव बटणच राहिलं.

आता पलंग टाकीसमोर होता. बटणाची बोटं उघडलेली असली की मास्तर तिकडे बघत चार घास खायचे. ती मिटलेली असली की दातखीळ. म्हणून वहिनी सवतीची चाकरी मुकाट्यानं करायला लागल्या.

एके दिवशी त्यांना दगडाच्या फटीत तपकिरी, काचेसारखं फूल डुलताना दिसलं. मग शेजारी दुसरं. "अहो, बघा, तुमच्या बागेला फुलं आली!"

"नको," मास्तर म्हणाले.

फुलं बटणाच्या देठापर्यंत पोचली आणि बटण मिटलं. जिथे फुलांच्या सोंडा लागायच्या तिथला देठ काळा पडत होता. वहिनींच्या लक्षात आलं, ही फुलं नव्हेत, डंख मारणारं काहीतरी जिवंत आहे. त्यांनी बाह्या सारल्या, धागे काढायचा चिमटा घेतला आणि एकेक ओढून काढायला सुरुवात केली. फटीत उरलेलं ब्रशनं खरवडलं.

"नको! नको! नको!" मास्तर डाव्या हातानं पलंगाचा कठडा बडवायला लागले.

नणंद भावाला भेटायला आली होती. म्हणाली, "वहिनी, दादाला पटत नाहीये हं."

"त्यांना पटतं काय? पाण्यालाही नकोच म्हणतात."

"लग्नाच्या वेळी असं नको-नको केलं असतं, तर सुटला असता बिचारा."

"मी सुटले असते म्हणा!"

दोघी हसल्या. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आजारानंतर ते कशालाही यायचं. त्यांना त्रास नको म्हणून दोघींनी मिळून पलंग फिरवला आणि त्यांचं तोंड भिंतीकडे केलं. "थोडेच दिवस," वहिनींनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "साफ झालं की परत."

साफ झालंच नाही. एक काढलं तिथे दहा उगवली. काचेवर, पाइपवर, दगडाच्या पाठीमागे. शेवटी वहिनी शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेल्या.

"ओढून काढलीत?" त्यानं विचारलं.

"अगदी मुळापासून."

"अहो वहिनी, ही तण-समुद्रफुलं. त्यांचा नखाएवढा तुकडा राहिला तरी त्याचं नवं फूल होतं. तुम्ही खरवडलंत म्हणजे पेरलंत. मास्तरांना नाही का विचारलं? मला हे त्यांनीच शिकवलं होतं."

चुन्याची पूड कशी कालवायची, इंजेक्शनच्या सुईनं फुलाच्या तोंडात कशी भरायची, हे वहिनींनी ऐकून घेतलं. निघताना तो म्हणाला, "देठ सडत असेल तर थांबू नका. धारदार कात्रीनं वरची छत्री कापून वेगळ्या पाण्यात ठेवा. छत्री जगते."

घरी येऊन त्यांनी आधी पलंग सरळ केला. मास्तरांनी टाकीकडे पाहिलं. वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या. "तुम्ही खरंच नको म्हणत होतात. चुकलंच माझं."

मग पंप बंद करून त्या फुलांना चुना भरवत राहिल्या. फूल मिटायचं, पांढरं पडायचं, विरघळायचं. पण चुनाही पाण्याला सोसेल तेवढाच घालता येतो, आणि फुलं होती त्याहून कितीतरी जास्त. बटणाचा देठ आता बोट लावलं तरी सुटत होता. घरातल्या कात्र्या साऱ्या बोथट. वहिनींनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेली मोठी कात्री काढली आणि पाण्यावर धरली.

"नको!" मास्तर ओरडले. पहिल्यासारखेच, कठडा बडवत. "नको! नको!"

वहिनींचा हात थांबला. "नाही कापत," त्या म्हणाल्या. "या वेळी तुमचं ऐकते. ऐकलं बघा." त्यांनी कात्री परत गुंडाळली. मास्तर शांत झाले, आणि वहिनींना त्या घरात बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

बटण त्याच आठवड्यात गेलं. आधी देठ बसला, मग छत्री कुजून दगडावर पसरली, पाण्याला घाण वास सुटला. वहिनींनी ते गाळणीनं काढलं. मास्तरांनी घासाला तोंड मिटून घेतलं ते मिटूनच.

नणंद पुन्हा आली, तेव्हा वहिनींनी तिला सगळं सांगितलं. ती सहज म्हणाली, "पण वहिनी, ती दादाची कात्री ना? तिला तो पाण्याचा थेंब लागू देत नव्हता. खारं पाणी म्हणजे गंज..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनी पलंगाजवळ गेल्या. "अहो, कात्री नको म्हणालात, की कापायला नको म्हणालात?"

मास्तर टाकीकडे बघत होते. बटणाच्या जागी तपकिरी फुलं दाटीवाटीनं डुलत होती.

"सांगा ना. एकदाच. कात्री नको होती का?"

"नको," मास्तर म्हणाले.