मदर की मदरसा?

हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन वर्ष झालं होतं, पण आमच्या काचीगुड्याच्या घरातल्या दोन सत्तांचं विलीनीकरण अजून बाकी होतं.

प्रश्न होता सहा वर्षांच्या शकूच्या शाळेचा. मी सरकारी मदरशाच्या, म्हणजे निजामी अमलातल्या साध्या सरकारी शाळेच्या, बाजूचा (मी स्वतः तिथंच शिकलो, आणि बघा, कसा छान कारकून झालो!). बायको, म्हणजे मालती, कॉन्व्हेंटच्या बाजूची.

"मदरसा घरामागं आहे," मी म्हणे. "घंटा झाल्यावर पोरगी घरातून निघाली तरी चालेल!"

"आणि शिकेल काय? आज उर्दू, उद्या हिंदी, परवा तेलुगू? मास्तरांनाच ठाऊक नाही हो! कॉन्व्हेंटच्या मदरकडं इंग्रजी तरी पक्की आहे."

"ते बाटवतील तिला!"

"तुम्ही रोज इराण्याकडं चहा पिता. तुम्हाला कुणी बाटवलं?"

असं आणखी महिनाभर चाललं असतं. पण एके दिवशी मालती भांडलीच नाही. भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली, "आमच्या गावात मराठी चौथीपर्यंतच होती. पुढं सगळं उर्दू, म्हणून मला घरी बसवलं. शकूचं तसं व्हायला नको." मला फार वाईट वाटलं. मी तिथल्या तिथं शरण गेलो.

खरं तर माझ्या विरोधाचं कारण निराळंच होतं. राज्य बदललं तशी कचेरीतली उर्दू जाऊन इंग्रजी आली होती, आणि मी ती येत असल्याचं सोंग मोठ्या शिताफीनं वठवत होतो. आता घरातच इंग्रजी जाणणारं माणूस तयार झालं, तर माझं कसं व्हायचं? पण हे बायकोला सांगणार कोण!

बालवर्गात एकच जागा उरली होती आणि शनिवार शेवटचा दिवस होता. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी मी जुना इंग्रजी-उर्दू कोश घेऊन फॉर्म भरायला बसलो. पहिल्याच ओळीत 'अ‍ॅप्लिकंट' होतं. अ‍ॅप्लिकंट म्हणजे अर्जदार! एवढी इंग्रजी मला येत होती आणि घात तिथंच झाला. आमच्या दफ्तरी रिवाजात अर्ज रजेचा असो की कुणाच्या म्हातारीच्या पेन्शनचा, वर नाव अर्ज करणाऱ्याचं आणि खाली 'फिदवी', म्हणजे आपल्यावर जीव ओवाळून टाकणारा सेवक, अशी सही. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं : निवृत्तीराव, वय चौतीस.

पुढचे प्रश्न जरा चमत्कारिक वाटले. पण साहेबी चौकशी खोल असते, असं ऐकून होतो. देवी काढल्या आहेत का? 'दोन्ही दंडांवर.' मदतीशिवाय कपडे घालता येतात का? 'होय, शेरवानीचं गळ्याचं बटण सोडून.' शाळेत रडण्याची सवय आहे का? 'पूर्वी होती.' घरातली इतर मुलं? 'शकुंतला, वय सहा.'

"काय काय विचारलंय हो?" मालती डोकावली.

"तुला नाही कळायचं. इंग्रजी आहे!"

शनिवारी आम्ही तिघं मदरसमोर बसलो. बाई परदेशी, उंच, करड्या चेहऱ्याच्या, पण बरीच वर्षं इथं काढल्यामुळे हिंदुस्तानी बोलत. त्यांनी फॉर्म वाचला. माझ्याकडं पाहिलं, शकूकडं पाहिलं आणि फॉर्म पुन्हा वाचला.

"ये निवृत्तीराव कौन है?"

"मैंच हूं, मदर."

"उमर चौंतीस?"

"हौ मदर, पूरे चौंतीस."

"और बेबी क्लास में बैठना?"

मला वाटलं, पहिले काही दिवस बापानं सोबत बसायची इथं पद्धत असेल. मी नम्रपणे म्हणालो, "आप बोले तो बैठूंगा!"

मदरनी चष्मा काढला आणि एकेक उत्तर मालतीला हिंदुस्तानीत समजावून सांगितलं. 'पूर्वी होती'पर्यंत पोचेतो मालतीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अहो, पण मग शकूचं नाव कुठंय?"

"आहे की!" मी बोट ठेवलं. "इतर मुलांत!"

"ये फॉर्म नहीं चलता," मदर म्हणाल्या. बाहेर दुसरं एक कुटुंब नीट भरलेला फॉर्म घेऊन बसलेलं दिसत होतं. मालतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मदरना दया आली असावी. त्यांनी वाकून शकूला विचारलं, "बेबी, तुम अपने कपडे खुद पैनती?"

"हौ!" शकू म्हणाली. "बाबा के गले का बटन बी मैंच लगाती!"

मदर इतक्या हसल्या की खुर्ची करकरली. नवा फॉर्म काढून त्यांनी तो स्वतःच्या हातानं भरला. शकूचा प्रवेश झाला! मालती तिथंच शकूचे मुके घ्यायला लागली आणि माझ्याकडं पाहून चक्क हसली. माझा फॉर्म मदरनी लाल शाईत एक ओळ लिहून परत दिला. मी लवून आभार मानले. मदरच्या वळणदार, जोडलेल्या अक्षरातली ती ओळ मला वाचता येत नव्हती, पण मदरचं हसू पाहून ती शाबासकीच असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

वर्षभरानं शकूला तो कागद सापडला. तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि आईला मराठीत अर्थ सांगितला : "वय जास्त आहे. बाकी सगळ्या बाबतीत बालवर्गाला योग्य."

मालती हसून हसून खाली बसली. मी मात्र तो कागद घाईघाईनं खिशात टाकला. मागच्याच महिन्यात इंग्रजीतलं प्रशस्तिपत्र म्हणून मी तो कागद मद्रासहून आलेल्या नव्या साहेबांना दाखवला होता. त्यांनी तो दोनदा वाचून, माझा हात हातात घेऊन "करेक्ट!" म्हटलं होतं, आणि त्या आनंदात मी सगळ्या कचेरीला पेढे वाटले होते.