एसी बंद आणि घरात बाळंतीण

नात एकोणीस दिवसांची असताना भर दुपारी आमचा एसी आतल्या बाजूनं गळायला लागला. आधी थेंब थेंब, मग धारच. मी खाली परात लावीपर्यंत आतून चट्ट असा आवाज आला, दिवा विझला आणि एसीनं मान टाकली. लेकीनं बाळाला उचलून स्वयंपाकघरात नेलं. मी रिमोट दाबत राहिलो. त्यातले सेल काढून परत घातले. शेवटी रिमोटच आपटला.

माझं डोकं लवकर फिरतं. मी एस.टी.वर ड्रायव्हर होतो. रिटायर झालो, पण आवाज काही रिटायर झाला नाही.

त्या दिवशी मात्र रागापेक्षा भीती जास्त होती. लेकीची आई तीन वर्षांखाली गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण नांदेडच्या विहीणबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "भाऊ, राग मानू नका. घरात बाईमाणूस न्हाई, बाळंतिणीचं कोण बघंल? आमच्याकडंच राहू द्या तिला." मी फाडकन बोललो, "का? बाप मेलाय का तिचा? सवा महिना मी करतो!" बोलून तर गेलो, मग निभवायची पाळी आली. शेजारच्या मावशी सकाळी येऊन बाळाला न्हाऊ घालायच्या, बाकी सगळं माझ्याकडं. अहाळिवाची खीर दोनदा करपली, तिसऱ्यांदा जमली. डिंकाचे लाडू असे वळले की लेक म्हणाली, "बाबा, सोबत हातोडा पण द्या." उन्हाळा बघून मी एसीही बसवून घेतला होता. विहीणबाईंना बोलायला जागाच ठेवायची नव्हती.

आणि नेमका तोच बंद पडला.

मेकॅनिकला फोन लावला. "काका, सीझन हाय. उद्या सकाळी येतो, जमलं तर."

"जमलं तर म्हणजे? घरात ओली बाळंतीण हाय माझ्या!"

एवढ्या जोरात ओरडलो की आत बाळ दचकून रडायला लागलं. लेकीनं दारातून माझ्याकडं नुसतं बघितलं. मी गपगुमान फोन ठेवला.

तासा-दोन तासांत बाळाच्या मानेवर घामोळ्या उठल्या, आणि तेवढ्यात विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नातीचा लालबुंद चेहरा बघून त्या म्हणाल्या, "उद्या सकाळीच गाडी घेऊन येते. दोघींना घेऊन जाते. आता पुरे झालं, भाऊ." एरवी मी दोन शब्द सुनावले असते. पण त्या काय चुकीचं बोलत होत्या?

आमचा कूलर दोन वर्षांपासून माळ्यावर पडून होता. लातूरला नळाला पाणी येतं कधी आठ दिवसांनी, कधी दहा. कूलर लई पाणी पितो, म्हणून मीच तो वर टाकला होता. उन्हात बाजारात जाऊन त्याचं नवं गवत आणलं, कूलर खाली काढून पुसला आणि घोटाभर पाण्यावर जीव टाकणारा मी, एकामागून एक घागरी त्यात ओतत सुटलो. स्वयंपाकघराला ऊन लागत नाही आणि खाली शहाबादी फरशी आहे. तिथं गादी टाकली, खिडकीला ओली चादर बांधली, लुगड्याची झोळी टांगली. दिवेलागणीला बाळ हातपाय पसरून झोपलं. लेक म्हणाली, "बाबा, आता बसा की जरा." पण मला बसवत नव्हतं. उद्या ही जाणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला मेकॅनिक आला. स्टुलावर चढून त्यानं झाकण उघडलं, वाकून वाकून बघितलं आणि विचारलं, "काका, पाण्याचा पाईप मागं कुठं सोडलाय?"

मी त्याला मागच्या अंगणात नेलं.

आता काय सांगू! ज्या गावाला आगगाडीनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावचा माणूस मी. एसीचं पाणी गटारात जाताना बघून माझा जीव तुटायचा. मी पाईपाला जोड देऊन तो मागच्या अंगणातल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पार तळापर्यंत खुपसला होता. डास नकोत म्हणून तोंडाला फडकं गच्च आवळलं होतं. त्याच पाण्यानं बाळाचे लंगोट धुवायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

मेकॅनिकनं कॅन बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो काका, पाईप पाण्यात बुडवला, वरून फडकं बांधलं. हवा जायला वाटच न्हाई. पाणी उलटं घरात आलं आणि एसीतल्या बोर्डावर गेलं. ह्या गल्लीतला हा तिसरा एसी! आता बोर्ड मागवावा लागंल. चार दिवस तरी लागतील."

मी वळलो तर दारात विहीणबाई उभ्या. बाहेर त्यांची गाडी लागलेली.

"काय झालं, भाऊ?"

मालच खराब निघाला, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. कोण विचारणार होतं? पण म्हणालो, "मीच बिघडवला, ताई. पाणी वाचवायच्या नादात पोरीचा गारवा घालवला. तुमचंच बरोबर होतं. घेऊन जा दोघींना."

मी तोंड फिरवलं.

"मला कुणी विचारलं का?"

लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. सासूला ती आत्या म्हणते. "आत्या, मी लहान असताना बाबा कधी मुक्कामी गाडीवर, कधी डबल ड्युटीवर. घरी असले तर झोपलेले. 'हळू बोल, बाबा झोपलेत', एवढंच ऐकत मोठी झाले मी. आता ते ताट वाढून समोर बसतात, मी दुसरी भाकरी घेते का बघतात. वीस दिवस झाले. एवढे दिवस सलग बाप मला कधीच मिळाला न्हाई. राहिलेले दिवस मी सोडणार न्हाई. उकडलं तर उकडू द्या."

विहीणबाई आत गेल्या. नातीच्या मानेवरून हात फिरवला, फरशीला तळवा लावून बघितला. बाहेर येऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, "चहा घे आन् गाडी माघारी ने." मग माझ्याकडं बघून, "बोर्ड येईपर्यंत मी थांबते, भाऊ. न्यायला न्हाई, हाताखाली."

मी मागच्या अंगणात गेलो आणि लहान पोरासारखा रडलो. आयुष्यभर लोकांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवलं. माझी लेक घरात माझी वाट बघत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

तोंड धुतलं, आत आलो आणि विचारलं, "दुपारला काय करू गं?"