जांभळ्या लुगड्याची दोरी

हर्सूलच्या मनकर्णाबाईची पिठाची चाळणी एकदा शेजारच्या आवडाबाईनं नेली आणि जाळीला मोठं भोक पाडून परत आणून दिली. मनकर्णाबाई एक शब्द बोलली नाही. पण त्यानंतर आवडाबाईनं जेव्हा जेव्हा चाळणी मागितली तेव्हा हिनं तीच भोकाची चाळणी फळीवरून काढून दिली, तीही हसतमुखानं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली ही बाई. असल्या बाईच्या नवऱ्यानं तरी जपून राहावं की नाही? पण बद्रीनाथला तेवढी अक्कल असती तर ही गोष्टच झाली नसती.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ वर्षं झाली होती. बद्रीनाथ छावणीतल्या एका कर्नलच्या बंगल्यावर दूध घालायचा. बदली झाली तेव्हा कर्नलनं आपली मासे धरायची जुनी काठी आणि तिची दोरी गुंडाळायची चरखी त्याला देऊन टाकली. ही काठी आपल्या गळासारखी नव्हती. तिला गांडूळ लागत नाही, शिसं लागत नाही. टोकाला कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर अलगद टाकायची. आता पिसाला कसलं आलंय वजन? त्याला दोरीनंच ओढून न्यायचं. म्हणजे दोरी वजनदार पाहिजे, मऊ पाहिजे, आणि वर तरंगलीही पाहिजे. चरखीवरची कर्नलची दोरी तर केव्हाच कुजून गेली होती.

बद्रीनाथनं सुती दोरी लावून पाहिली. ती पाणी पिऊन फुगली आणि बुडाली. सुतळी काठीच्या कड्यांत अडकली. मुंबईहून आलेली नायलॉनची तार कुणीतरी दिली, ती हलकी आणि हट्टी. फेकली की वेटोळं होऊन त्याच्याच पागोट्यावर येऊन पडायची. साध्या बांबूला दोरा बांधून मासे धरणारा बन्सी पलीकडं बसून मजा बघायचा. म्हणायचा, "बद्री, मासा ऱ्हाऊ दे, पागोटं तर गावलं."

कर्नल सांगून गेला होता, दोरी रेशमाचीच. शहरात गुलमंडीतला, रेशमाचे गोफ विणणारा पटवेकरी म्हणाला, नवं रेशीम ताठ असतं, वापरून मऊ पडलेलं मिळालं तर आण. मनकर्णाबाई तेव्हा बाळंतपणाला पिशोरला, भावाच्या घरी गेली होती. बद्रीनाथनं तिची पेटी उघडली.

बारसं उरकून, लेकीला पदराखाली घेऊन ती परत आली, तर अंगणात लिंबापासून गोठ्याच्या मेढीपर्यंत एक जांभळी दोरी ताणलेली. बद्रीनाथ तिला जवसाचं तेल आणि मेण चोळत होता. तो जांभळा रंग तिनं लांबूनच ओळखला. आईचं लुगडं होतं ते. आई गेली तेव्हा तिच्या मागं मनकर्णाबाईला मिळालेली ती एकच वस्तू. नऊवारीचा उभा धागा चांगला नऊ वार लांब असतो. बद्रीनाथनं आडवे धागे उसवून फेकून दिले होते आणि उभे पटवेकऱ्याकडून एकाला एक जोडत चाळीस-पन्नास हात लांब, गोफासारखे विणून घेतले होते.

"माजं लुगडं हाय ना हे?" तिनं विचारलं.

"पेटीत पडून काय करणार व्हतं? आता कामाला लागलं," बद्रीनाथ म्हणाला. "अन् पदर ठेवलाय की तुला, तेवढा घे."

वर पदर ठेवल्याचा उपकार! मनकर्णाबाईनं लेकीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं." आणि लेकीला घेऊन आत गेली. आवडाबाई दारात उभी होती. तिनं ते 'बरं' ऐकलं आणि ती आपल्या घरात गेली. तिला त्या 'बरं'ची ओळख होती.

बद्रीनाथला नव्हती. रेशमाच्या दोरीची निगा फार. तळ्यावरून आल्यावर ती ओली दोरी चरखीवर ठेवायची नसते. सगळी उलगडायची, मऊ फडक्यानं टिपायची, सावलीत पसरायची, वाळली की तेल-मेणाचा हात फिरवायचा आणि सैल वेटोळं करून खुंटीला टांगायची. हे सगळं दोनदा करून त्याला कंटाळा आला. तिसऱ्या वेळी त्यानं चरखी बायकोपुढं ठेवली. "वाळवून ठेव. रेशीम बायकांनीच सांभाळावं." चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या दिल्याचं आपण ऐकतो. इथं चोरानंच मालकिणीच्या हाती किल्ल्या दिल्या, आणि वर खाटेवर आडवा झाला.

रेशीम कसं जपायचं हे तिला आईनं शिकवलं होतं. लुगडं दमट ठेवू नये. दर हंगामाला उघडावं, वारा द्यावा, आणि घडी बदलावी. तीच ती घडी राहिली की रेशीम तिथंच मरतं. जपायचं कसं हे ज्याला ठाऊक, त्याला मारायचं कसं हे वेगळं शिकावं लागत नाही.

पुढची दहा-वीस हात दोरी ती नीट वाळवायची, कारण माशी फेकताना तेवढीच बाहेर यायची. चरखीच्या आत राहणारी मधली दोरी मात्र रांजणाशेजारच्या ओलीत पडून राहायची. तिथं एका जागी ती रोज दोरी दुमडायची, नखानं दाबायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी. वरून मेणाचा हात. बघणाऱ्याला दोरी नागिणीसारखी चकचकीत. मोठा मासा धावला, दोरी मध्यापर्यंत उलगडली, तरच हे उघडं पडणार होतं. मनकर्णाबाईला घाई नव्हती.

पण जीव तिचाही तुटत होता. बोटांखाली आईचंच लुगडं कुजत होतं. कधी कधी हात थांबायचा, वाटायचं, पुरे. तेवढ्यात बाहेरून बद्रीनाथ कुणाला तरी सांगायचा, "माज्या दोरीसारखी दोरी जिल्ह्यात नाय." माझी दोरी! तो शब्द ऐकला की तिचं नख पुन्हा दाबायला लागायचं.

वर्ष सरलं. उन्हाळ्यात हर्सूलच्या तळ्याचं पाणी उतरलं आणि भिंतीपाशी राहणारी जुनी मरळ दिसायला लागली. चांगला मांडीएवढा मासा. बद्रीनाथनं गावभर सांगून ठेवलं की ही मरळ माझी. बाजारच्या दिवशी अर्धं गाव तळ्यावर. मनकर्णाबाई पलीकडं धुणं धूत होती.

पिसांची माशी पाण्यावर टेकली आणि मरळीनं ती गिळली. चरखी करकरली. जांभळी दोरी पाण्यावरून सरसर निघाली, दहा हात, वीस हात, मध्यापर्यंत. आणि तुटली. बद्रीनाथ चिखलात ढुंगणावर बसला. बन्सी हसून हसून लोळला. मनकर्णाबाईनं धुण्यातलं लुगडं दगडावर आपटलं, पुन्हा आपटलं. जिवाला इतकं गार तिला लेकीच्या बारशालाही वाटलं नव्हतं.

इथंच थांबलं असतं तर तिचा सूड गुपचूप पुरा झाला असता. पण दिवस मावळताना अंगणात बन्सी आणि चारचौघे जमले, आणि बद्रीनाथ उरलेली दोरी हातात धरून सांगायला लागला, "दोष माजा नाय. रेशीमच सडकं. म्हातारीनं लेकीला देऊन देऊन दिलं काय, तर हे. पिशोरवाल्यांचं समदं असंच."

सगळे हसले. आता हेच गावभर होणार होतं. मनकर्णाबाई चहा घेऊन आली होती. कपबशा तिनं खाली ठेवल्या.

"रेशीम सडकं नव्हतं," ती म्हणाली. "आईनं जलमभर नेसलं, येक धागा तुटला नाय. म्या वरीसभर वलं ठेवलं, रोज येकाच जागी मोडलं, तवा कुठं तुटलं."

बन्सीचं हसू तोंडातच राहिलं. "तू केलंस?" बद्रीनाथनं विचारलं.

"व्हय. म्या. आईला नावं ठेवू नका. ठेवायची तर मला ठेवा." तिनं हात पुढं केला. "आणा इकडं."

बद्रीनाथनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि दोरी तिच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून त्यानं आपलं धोतरसुद्धा स्वतःच वाळत घातलं.

ती आत गेली. उरलेली दोरी तिनं पूर्ण उलगडली, लुगड्याच्या उरलेल्या पदरानं हातभर हातभर टिपली, आणि खुंट्यांवर सैल पसरून वर्षभरात पहिल्यांदा नीट वाळू दिली.